पहाटे पळणाऱ्यांनो, या चुका टाळा: रेडियम लावलं म्हणजे दिसलो, असं नसतं

अकरा वर्षं झाली, मी साताऱ्यात पहाटे पळतेय. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, वर जाऊन परत यायचं आणि सात-सव्वासातला घरी चहा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे जवळजवळ सगळं पळणं अंधारात होतं. हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की दरवर्षी घाटात नवी पोरं दिसायला लागतात. म्हणजे उजाडल्यावर दिसतात. अंधारात दिसत नाहीत, तीच तर तक्रार आहे. पायात दहा हजारांचे बूट, मनगटावर वीस हजारांचं घड्याळ, अंगात काळा टी-शर्ट, काळी चड्डी. "अरे, काहीतरी चमकणारं घाल," म्हटलं की बूट वर करून टाचेवरचा अंगठ्याएवढा लोगो दाखवतात. "आहे ना काकू, रेडियम."

या 'रेडियम' शब्दानेच अर्धा घोळ घातलाय. नंबरप्लेटच्या दुकानापासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीला आपण रेडियम म्हणतो. खरं रेडियम शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायचे. ते अंधारात आपोआप उजळायचं, आणि ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींच्या जिवावर बेतलं. आपल्या पट्टीत त्यातलं कणभरही नसतं. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात, नाहीतर प्लास्टिकचे छोटे लोलक. पडलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. स्वतःचा उजेड शून्य. समोरच्याचा दिवा बंद असेल तर तुमची पट्टी म्हणजे करड्या रंगाची चिंधी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण जुन्या गाड्या आहेत, बिनदिव्याच्या सायकली आहेत, आणि एका डोळ्याचे ट्रॅक्टर तर आपल्याकडे पैशाला पासरी. म्हणून पट्टीच्या जोडीला स्वतःचा एक तरी दिवा हवा, यावर मी वाद घालत नाही.

पोपटी रंगावर विसंबणं

भडक पोपटी किंवा नारिंगी जॅकेट घालून निर्धास्त होणारे पुष्कळ. तो रंग दिवसाचा आहे. उन्हातली अतिनील किरणं शोषून तो जास्त उजळ दिसतो. रात्री हेडलाइटमध्ये ती किरणं जवळपास नसतात, त्यामुळे पोपटी जॅकेट आणि साधा पिवळा सदरा यांत फारसा फरक राहत नाही. काळ्यापेक्षा बरं, एवढंच. "मी पांढरा घालतो" म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. जॅकेटवरची करडी पट्टी रात्रीसाठी, पोपटी कापड दिवसासाठी. आणि विकत घेताना लोक नेमका रंग बघतात, पट्टी बघत नाहीत.

यावरून आमच्या ग्रुपची एक कथा सांगते. तीन वर्षांपूर्वी एका उत्साही पोराने सगळ्यांसाठी मिळून जॅकेटं मागवली. अठरा नग. मी म्हटलं होतं, आधी एक मागव, बघू. पण घाई! "काकू, एकदम घेतले तर स्वस्त पडतात." आली जॅकेटं. दिवसा सगळी एकसारखी, शिलाई ठीक, मापं ठीक. मी म्हटलं, पैसे वाटून घेण्याआधी रात्री मैदानावर जमा.

रात्री आठला सगळ्यांना भिंतीपाशी ओळीने उभं केलं. मी तीस पावलं लांब गेले, मोबाइलची टॉर्च लावली आणि फोन कानशिलाला टेकवला. अकरा जणांच्या छातीवर ट्यूबलाइट पेटल्यासारखं झालं. सात जण ठार काळे. म्हणजे माणसं उभी आहेत हे मला माहीत होतं म्हणून कळलं, इतकंच. त्या सातांची पट्टी म्हणजे नुसतं चंदेरी रेक्झिन होतं. चमकतं, पण आरशासारखं. उजेड पडला की भलतीकडेच फेकतं.

ज्याने मागवली तो ऐकेना. त्याने स्वतःचा फोन काढला, पोटाशी धरला आणि म्हणाला, "बघा, माझ्या टॉर्चमध्ये सगळीच सारखी मंद दिसतायत. तुमच्या फोनचा फ्लॅश जास्त आहे." फ्लॅशचा काही संबंध नव्हता. चांगली पट्टी प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवते. दिवा पोटाशी आणि डोळे वर असले की परतीचा बहुतेक उजेड पोटाकडेच जातो. फोन डोळ्याजवळ नेला आणि त्याचा चेहरा पडला.

ही गोष्ट नुसत्या तपासणीपुरती नाही. दुचाकीवाल्याचे डोळे त्याच्या दिव्याच्या जरा वरच असतात, त्याला तुम्ही लख्ख दिसता. ट्रकवाला दिव्यापासून कितीतरी उंच बसतो. तीच पट्टी, तेवढंच अंतर, पण त्याला ती फिकट दिसते, आणि तो जवळ येतो तसा हा फरक वाढत जातो. ज्या गाडीची सगळ्यात जास्त भीती, तिच्याच ड्रायव्हरला तुम्ही कमी दिसता. दुकानाच्या फोटोत सगळंच झगझगीत दिसतं, कारण कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. फोटोवर जाऊ नका.

सात जॅकेटं विकणाऱ्याने परत घेतली नाहीत. ती आता दिवसा झाडं लावायला वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात रस्त्याच्या कामगारांसाठी मिळतं ते जाळीचं जॅकेट मला आजही या फॅशनपेक्षा बरं वाटतं. दिसायला गबाळं आहे खरं, पण दुकानातच टॉर्च लावून बघता येतं. मी दुकानदाराला शटर अर्धं खाली घ्यायला लावते. तो हसतो.

सगळं छातीवर, पाय अंधारात

माझी सगळ्यात आवडती, म्हणजे सगळ्यात चीड आणणारी चूक. पट्टी एकच, तीही छातीवर, आणि वरून काहीतरी पांघरलेलं. पावसाळ्यात रेनकोट, हिवाळ्यात जॅकेट, पाठीवर पाण्याची बॅग. चालणाऱ्या बायकांची शाल नाहीतर ओढणी. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांनी नातवाने आणून दिलेलं चमकणारं जॅकेट स्वेटरच्या आत घातलेलंही मी पाहिलंय. 'थंडी वाजते' म्हणून.

ऑगस्टमधली गोष्ट. पहाटेचे पाच-सव्वापाच, घाटात बारीक पाऊस आणि वरच्या अंगाला धुकं. आम्ही दोघं उतरत होतो, येणाऱ्या गाड्यांना सामोरे, रस्त्याच्या उजव्या कडेने. ग्रुपमधला एक जण माझ्यापुढे पंधरा-वीस पावलं. त्याच्या अंगात अस्सल, तपासलेलं जॅकेट होतं. त्यावर गडद निळा रेनकोट. मी घरातून निघतानाच म्हटलं होतं, "रेनकोटावरून घाल." तो म्हणाला, "मग जॅकेट भिजेल." भिजण्यासाठीच असतं ते! पण मीही जास्त ताणलं नाही.

वळणावरून दुधाचा टेम्पो वर आला. मी कठड्याला चिकटले. पुढे ब्रेकचा आवाज, मग 'धप्प'. आरसा कोपराला लागला आणि तो गटारात पडला. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याहून वाईट काही झालं नाही, कारण टेम्पोचा वेग आधीच उतरला होता. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचेच हात थरथरत होते. तो म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. "ताई, मला तुमचे पाय दिसले. वर-खाली होणारे दोन पांढरे ठिपके. कोणीतरी येतंय म्हणून मी ब्रेक दाबत होतो. हे मधे आहेत हे मला माहीतच नाही."

माझ्या घोट्यांवर दोन पट्ट्या होत्या. शिंप्याकडून लेगिंगला शिवून घेतलेल्या, दोन बोटं रुंद.

घोटेच का? एक तर डिपरचा झोत खाली पडतो. छातीपर्यंत उजेड पोचायच्या कितीतरी आधी पाय उजळतात. दुसरं म्हणजे हालचाल. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक प्रयोग मांडला होता. माणसांच्या सांध्यांवर नुसते प्रकाशाचे ठिपके ठेवून अंधारात चित्रण केलं. माणूस स्थिर असला की ठिपक्यांचा काही अर्थ लागत नाही. चालायला लागला की बघणारा क्षणात म्हणतो, माणूस चालतोय. छातीवरचा चौकोन मैलाचा दगड असू शकतो, उभी गाडी असू शकते, कठड्यावरचा रिफ्लेक्टर असू शकतो. घोट्याचे ठिपके दुसरं काही असूच शकत नाहीत.

आणि ड्रायव्हरकडे वेळ किती असतो? साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. बघून, समजून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक. ओल्या रस्त्यावर किती, ते ज्याने त्याने ठरवावं. 'काहीतरी आहे' आणि 'माणूस आहे' यातला एक सेकंदही परवडत नाही.

तेव्हा एकच गोष्ट घेणार असाल तर जॅकेट सोडा, घोट्याच्या पट्ट्या घ्या. दोन्ही पायांना. मग मनगटं. मग छाती-पाठ, आणि तेही सगळ्यात वरच्या थराला. नंबरप्लेटवाल्याकडचं स्टिकर कापडाला चिकटवू नका, दोन धुण्यांत सोलून निघतं. फेविक्विकने चिकटवलेलं कडक होऊन पायाला घासतं, हा स्वानुभव. शिवायची पट्टी वेगळी मिळते, ती शिंप्याला द्या.

घाटात सरळ रस्त्याचा हिशोब लावणं

पट्टी उजळायला तिच्यावर झोत पडावा लागतो. वळणावर गाडीचा झोत सरळ दरीत जातो आणि तुम्ही वळणाच्या पलीकडे. गाडी वळेपर्यंत तुमच्या अंगावर किलोभर पट्ट्या असल्या तरी उपयोग नाही. इथे दिवाच कामाला येतो, कारण त्याची चाहूल कातळावर आधी लागते. मी डोक्याला बॅटरी लावते, झोत जमिनीकडे. कमरेला मागे लाल दिवा. आणि उजव्या कडेने पळायचं हे खरं, पण डोंगराच्या आतल्या अंगाचं आंधळं वळण उजवीकडे असेल तर मी आधीच रस्ता ओलांडून बाहेरच्या अंगाला जाते. वळण संपलं की परत. नवी पोरं म्हणतात, लय तुटते. तुटू दे.

धुक्यात मी घाटात जातच नाही. त्या पहाटेनंतर एकदाही नाही.

बाकीच्या किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

जॅकेट धुताना सॉफ्टनर आणि ब्लीच घालणं, वरून इस्त्री फिरवणं. मणी जातात, पट्टी मरते. आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकेल ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. मी हाताने धुते, दोरीवर वाळवते, आणि दर दिवाळीला पुन्हा टॉर्च लावून बघते.

दिव्याचा सेल पहाटे निघताना तपासणं. रात्री तपासा. पहाटे कुठलं दुकान उघडं असतं?

डोक्यावरची बॅटरी समोरच्याच्या डोळ्यात मारणं. ज्याला दिसावं म्हणून धडपडताय, त्यालाच आंधळं करताय.

मागचा दिवा भराभर लुकलुकता ठेवणं. लक्ष वेधतो, पण अंतराचा अंदाज येत नाही. मी स्थिर ठेवते.

तिघांनी हातात हात घातल्यासारखं शेजारी-शेजारी पळणं, आणि कानात गाणी. यावर मी बोलणं सोडून दिलंय.

सायकलवाल्यांनी पळणाऱ्यांचं बघून उजवीकडून येणं. सायकल हे वाहन आहे, डावीकडूनच. दोनशे, तीनशे किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना विचारा. रात्री पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकणारं जॅकेट नसेल तर त्यांना रस्त्यावर येऊच देत नाहीत. तो नियम मला फार आवडतो.

उसाच्या हंगामात हायवेच्या बाजूला पळायला जाणं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तुम्हाला बघूनही काही करू शकत नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. आला की मी सरळ रस्ता सोडून मातीत उतरते.

मनगट मोडलेला आमचा गडी आता दोन्ही घोट्यांना, दोन्ही मनगटांना पट्ट्या लावतो, जॅकेट रेनकोटावरून घालतो, टोपीलाही मागे एक तुकडा शिवलाय. लांबून येताना वरातीतला दिवेवाला वाटतो. समर्थ मंदिराजवळची कुत्री त्याच्यावर जरा जास्तच भुंकतात.