मॉडिफाय केलेली गाडी तापतेय? रेडिएटर बदलण्याआधी या चुका टाळा

टर्बो बसवला, ट्यूनिंग झालं, गाडी पळायला लागली आणि पाठोपाठ तापायलाही लागली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठला रेडिएटर घेऊ?" माझा उलट प्रश्नही ठरलेला आहे. गाडी नेमकी तापते केव्हा? सिग्नलला उभी असताना, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात, की ट्रॅकवर दोन-तीन लॅप सलग दाबल्यावर? याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. ज्यांच्याकडे असतं, त्यांना बऱ्याचदा नवा रेडिएटर घ्यावाच लागत नाही.

उभी असताना तापते आणि चालायला लागली की काटा खाली येतो, तर पंखा, त्याचा श्राउड (भोवतीचं कवच), रिले (विजेचा स्विच) आणि वायरिंग बघा. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारी हवाच बहुतेक काम करते, त्यामुळे वेगात तापणाऱ्या गाडीला मोठा पंखा लावून काही साधत नाही. वेगात तापते, तर हवेची वाट, रेडिएटरचा कोअर (नळ्या आणि फिन्स म्हणजे पातळ पत्र्यांची जाळी), वॉटर पंप आणि खालचा होज तपासा. खालचा होज पंप पाणी ओढतो त्या बाजूला असतो. तो मऊ पडला असेल आणि आतली स्प्रिंग कुणी काढून टाकली असेल, तर वरच्या आरपीएमला तो आत चिमटतो. गाडी थांबवून बोनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल झालेला असतो, म्हणून हा दोष सापडत नाही. आणि थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज फुगून कडक होत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) तपासा. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर धरायच्या चाचणीतलं निळं द्रव ज्वलनाचा वायू लागला की पिवळं पडतं. ही तपासणी कोणत्याही रेडिएटरपेक्षा स्वस्त आहे.

एक हिशेब डोक्यात पक्का असू द्या. पेट्रोलच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग ताकद म्हणून मिळतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्यातला बराचसा कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, उतरतो. म्हणजे १५० हॉर्सपॉवरचं इंजिन ३०० चं केलंत, तर पूर्ण जोरावर बाहेर टाकायची उष्णताही जवळपास दुप्पट झाली. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच टिकतो, म्हणून हे झाकलेलं राहतं. ट्रॅकवर ते उघडं पडतं.

बोनेट मागून उचलणं

ही चूक बघितली की मला खरंच राग येतो, कारण ती फार आत्मविश्वासाने केली जाते. बिजागरीखाली वॉशर घालून बोनेटची विंडशील्डकडची कड इंच-दीड इंच उचलायची, आणि "गरम हवा मागून निघून जाते" म्हणायचं. गाडी उभी असताना ती जातेही. पण वेगात विंडशील्डच्या पायथ्याशी हवा येऊन आदळते आणि तिथे दाब वाढतो. केबिनच्या ब्लोअरसाठी कंपन्या तिथूनच हवा घेतात, ती याच कारणाने. त्या फटीतून हवा बाहेर जात नाही, आत घुसते. इंजिन बेमधला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून हवा जाण्याचं कारणच संपतं. हवा रेडिएटरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर वाहते. खोलीची एकच खिडकी उघडून वारा येत नाही, समोरचीही उघडावी लागते, तसंच हे आहे.

एका ओळखीच्या तरुणाची टर्बो कूपे अशीच होती. रेडिएटर बदलून झाला होता, मग त्याहून जाड रेडिएटर आला, मग दोन पंखे. तरी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर तापमान ११० अंशांच्या वर जायचं, आणि हळू वळणांच्या भागात उतरायचं. वेगात तापते आणि हळू चालवली की निवते, हे ऐकल्यावरच मी बोनेटकडे बघितलं. मागे वॉशर होतेच. शिवाय "हवा मोकळी व्हावी" म्हणून अंडरट्रे, म्हणजे इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण, काढून ठेवला होता आणि बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत चारी बाजूंनी हात जाईल एवढ्या फटी होत्या. मी म्हटलं, आधी बघू. लोकरीचे छोटे धागे बोनेटवर आणि मागच्या कडेला टेपने चिकटवले आणि शेजारच्या गाडीतून चित्रीकरण केलं. मागच्या कडेचे सगळे धागे फटीतून आत ओढले जात होते. ते बघेपर्यंत त्याला माझं म्हणणं पटलं नव्हतं.

त्या दिवशी एकही नवा भाग विकत घेतला नाही. वॉशर काढले, अंडरट्रे परत बसवला, अॅल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमच्या पट्ट्यांनी बंपर ते रेडिएटर ही वाट बंदिस्त केली. त्याच ट्रॅकवर काटा शंभरच्या आत राहिला. त्या मुलाने दोन रेडिएटरवर जे पैसे घातले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्याला कुणीतरी पत्रा आणि फोम आधी सांगायला हवा होता.

अंडरट्रेबद्दल वेगळं सांगतो, कारण तो निरुपयोगी प्लास्टिक समजून काढणारे पुष्कळ आहेत. त्याच्यामुळे गाडीखालून वेगाने जाणारी हवा इंजिन बेमध्ये वर चढत नाही, आणि रेडिएटरच्या मागचा दाब कमी राहतो. तुटला असेल तर नवा लावा, नाहीतर पत्र्याचा करून घ्या.

बोनेटला व्हेंट करायचेच असतील, तर रेडिएटरच्या लगेच मागे, बोनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात करा. तिथे बोनेटच्या वळणावर दाब कमी असतो. व्हेंटच्या पुढच्या कडेला छोटी उभी पट्टी लावली तर हवा आणखी चांगली खेचली जाते. माझी सवय अशी, की कटर हातात घेण्याआधी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचं, एक टोक रेडिएटरच्या पुढे आणि दुसरं मागे न्यायचं, आणि गाडी चालवत पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक शेजारी बसलेल्याला वाचायला लावायचा. फरक वाढला तर बदल कामाचा.

हे ज्ञान नवं नाही. ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या मेरेडिथ यांनी १९३० च्या दशकात विमानाच्या रेडिएटरभोवतीच्या बंदिस्त वाटेचं गणित मांडलं. पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर त्याच विचाराने बसवलेला आहे: अरुंद तोंड, मग रुंद होत जाणारी वाट, म्हणजे हवा मंदावून दाब वाढतो, आणि कोअरनंतर पुन्हा अरुंद होत जाणारी बाहेरची वाट. तोंड रेडिएटरएवढं मोठं लागत नाही. गळती मात्र चालत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट पुरेसं तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. "व्हॉल्व्ह काढून टाक, पाणी मोकळं फिरेल." हा सल्ला इतका जुना आहे की लोक तो विचार न करता देतात. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. कमाल ठरवतात रेडिएटर आणि हवा. तो पूर्ण उघडल्यावरही गाडी तापत असेल, तर दोष दुसरीकडे आहे.

काढल्यावर काय होतं? इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा पेट्रोल देत राहतो, ते ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडरची झीज वाढते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते, जी गरम झाल्यावर बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढलात, तर बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. म्हणजे थंड करायला गेलात आणि गाडी आणखी तापवलीत. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे पंपाचा दाब हेडच्या आत टिकतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या तापलेल्या जागी वाफेचे बुडबुडे कमी होतात. तो दाबही जातो.

"पाणी जास्त वेगाने फिरलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही" हे कारणही सोडून द्या. पाणी बंद वर्तुळात फिरतं. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनमध्येही कमीच वेळ थांबतं. नुसत्या वाढलेल्या प्रवाहाने उष्णता कमी बाहेर पडत नाही.

नवा थर्मोस्टॅटसुद्धा मी बसवण्याआधी पातेल्यात उकळायला ठेवतो, शेजारी थर्मामीटर. ८२ लिहिलेला ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि साधारण ९५ पर्यंत पूर्ण. बसवताना हवा सोडणारी छोटी पिन वरच्या बाजूला.

आत राहिलेली हवा

कूलंट बदललं, टाकी भरली, लगेच गाडी पळवली. घाई करणारे इथे हमखास अडकतात. हेडमध्ये राहिलेला हवेचा फुगा थेट धातूला चिकटतो आणि तिथे उष्णता उचलायला पाणीच नसतं. टोयोटा एमआर२ किंवा लोटस एलिससारख्या गाड्यांत इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढे, मधे लांब पाइप. त्यांना तर ब्लीड करायला, म्हणजे आतली हवा काढायला, संयमच लागतो. मी आता व्हॅक्यूमने सिस्टिम रिकामी करून कूलंट आत ओढून घेतो. ते साधन नसेल तर गाडीचं नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू उघडे, आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा. ही दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळू नका.

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबणं

बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. खरं तापमान पंधरा-वीस अंशांनी हललं तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हेडच्या आउटलेटला स्वतंत्र सेन्सर लावा. त्यातही एक धोका आहे: कूलंट सांडून गेलं की सेन्सर वाफेत लटकतो आणि चुकीचं, कधीकधी कमी तापमान दाखवतो. म्हणून ट्रॅकच्या गाडीला मी कूलंटच्या दाबाचा सेन्सरही लावतोच. तापमान टिकून दाब पडला तर गळती. थ्रॉटल दाबला की दाब उसळला तर गॅस्केट.

दुसऱ्याच्या इंजिनावरचा उपाय उचलणं

माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत कूलंटचा रीरूट (पाण्याची वाट बदलणं) खरंच उपयोगी पडतो, कारण ते इंजिन मुळात आडव्या बसवणीच्या माझदा ३२३ या गाडीतून आलं. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना पाणी यायची आणि जायची वाट दोन्ही पुढे आल्या आणि मागच्या सिलिंडरला पाणी कमी पडू लागलं. रीरूटमध्ये थर्मोस्टॅट हेडच्या मागे जातो. कारण नेमकं, म्हणून उपाय नेमका. आपल्या इंजिनात पाणी कुठून कुठे जातं हे कागदावर काढल्याशिवाय असं काही करू नका.

ऑइल विसरणं

पाणी ९५ अंशांवर शांत आणि ऑइल १४० वर, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. बेअरिंग तिथेच जातात. ऑइल कूलर लावा, पण थर्मोस्टॅटिक प्लेटसकट (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी), नाहीतर थंडीत ऑइल गरमच होत नाही. आणि तो रेडिएटरच्या पुढे चिकटवू नका. इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर, ऑइल कूलर असं सगळं एकापुढे एक रचलं, की रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली आणि मंदावलेली हवा.

बाकीच्या, एकेका ओळीत

जाड कोअरपेक्षा मोठ्या पृष्ठभागाचा रेडिएटर घ्या. जाड आणि विरळ फिन्सचा स्वस्त रेडिएटर दिसतो भारी, काम करत नाही.

जास्त दाबाचं टोपण गाडी थंड करत नाही, फक्त उकळणं पुढे ढकलतं.

पंखा बसवल्यावर कागद धरून हवेची दिशा बघा. उलट्या वायर जोडलेले पंखे आजही भेटतात.

नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वापरा, आणि दोन वेगळ्या रसायनांची कूलंट मिसळू नका.

गळती बंद करणारी पावडर घातलेली गाडी मी रेडिएटर आणि हीटर कोअर धुतल्याशिवाय हातात घेत नाही.

इग्निशन उशिरा आणि मिश्रण पातळ असेल, तर कूलिंगवर खर्च करण्याआधी ट्यूनिंग दुरुस्त करा.

एका वेळी एकच बदल करा, त्याच रस्त्यावर, शक्यतो तशाच हवामानात.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आणि गरम असताना टोपण उघडू नका, कितीही घाई असो. १ बार जादा दाबाखाली साधं पाणीही साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण सुटताच दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताने आरामात दाबता येईपर्यंत थांबा, मग जाड फडकं घेऊन पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावर पुढे.