मुदत 30 वरून 20 वर्षांवर: कोकणातल्या अभिलेख कक्षाने काय करावं

कायम जपायचं दप्तर पुराभिलेखागाराकडे सोपवायची मुदत 30 वरून 20 वर्षांवर आणायची, तर एका दमात दहा वर्षांचे गठ्ठे उपसू नका. ब्रिटनने 2013 पासून दहा वर्षांत हाच बदल केला, दर वर्षी दोन वर्षांच्या फाइली देऊन. तोच हिशोब इथे चालतो. 1995 पर्यंतचं दप्तर गेलं असेल तर 2026 मध्ये 1996 आणि 1997, पुढच्या साली 1998 आणि 1999. असं करत 2035 मध्ये 2014 आणि 2015 दिलं, की फरक वीसचा झाला.

आधी निंदणी, म्हणजे नको असलेले कागद वेगळे काढणं, उरका. मुदत संपलेले 'क' आणि 'ड' वर्गाचे कागद कायम जपायच्या 'अ' वर्गात मिसळलेले असतील तर रद्दीच बांधून पाठवाल. फाइलीचं साल म्हणजे प्रकरण बंद झालं ते साल. कव्हरवर बहुतेकदा सुरुवातीची तारीख असते आणि याद्या तिथेच चुकतात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याआधी उघडलेल्या प्रकरणाचा पहिला भाग रत्नागिरीच्या दप्तरात आहे का, तेही बघा.

वर्ष बारा महिन्यांचं धरू नका. दिवाळीनंतर गठ्ठे उघडा, शिमग्याआधी यादी संपवा (त्या आठवड्यात कचेरीत कोण सापडतं!), एप्रिलमध्ये रवानगी. पावसात गठ्ठा हलवला की ओल आत शिरते आणि बंद पेटीत बुरशी एका फाइलीवरून दुसरीवर जाते. ओलसर कागद सुटे करून सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात ते ठिसूळ होतात, शाईही उडते.

1996-97 ची फाइल उघडा. टाचणी गंजून तिच्याभोवती तपकिरी डाग पडलेला असतो. ती ओढलीत तर कागदाचा तुकडा घेऊनच निघेल. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती हळूच सोडवा, मग सुती नाडी बांधा. मध्येच गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद लागेल: फॅक्स. त्यावरची अक्षरं पुसट होत जातात, म्हणून लगेच झेरॉक्स काढून मूळ कागदामागे लावा. प्लास्टिकचं फोल्डर काढून टाका, झेरॉक्सची शाई त्याला चिकटते.

यादीच्या तीन प्रती करा: एक पेटीत, एक पुराभिलेखागाराला, एक कार्यालयात. दप्तर सोपवलं म्हणजे ते लोकांना खुलं झालं असं नाही. वैयक्तिक माहितीच्या फाइलींवर तसा शेरा यादीतच मारा.

न्यायप्रविष्ट प्रकरण मागे ठेवा, पण यादीत त्या जागी कारण आणि पुन्हा तपासायचं साल लिहा. नाहीतर पुढचा अभिलेखपाल ती फाइल गहाळ समजून शोधत बसेल.