बोरॉन कार्बाइडची घनता भरत नाही? या चुका टाळा

बोरॉन कार्बाइड या अतिशय कठीण सिरॅमिकची भुकटी दाबून, भट्टीत भाजून वस्तू बनवतात. सँडब्लास्टिंगचा नोझल असो वा पंपाच्या सीलची रिंग, तुकडा भट्टीतून हलका निघाला की आधी तापमान वाढवलं जातं. २१५० अंशांवर जमलं नाही ना, मग लावा २२००. दोष मात्र बहुतेकदा भुकटीतल्या ऑक्सिजनचा असतो.

बोरॉन कार्बाइडच्या कणांवर बोरॉन ऑक्साइडचा पातळ थर असतोच. जळगाव-भुसावळकडे पावसाळ्यात डबा उघडा राहिला, की हा थर ओल धरतो आणि त्याचं बोरिक ॲसिड होतं. थर न काढता भट्टी चढवली तर कण एकमेकांना घट्ट धरण्याऐवजी नुसतेच जाड होतात. मग कितीही तापवा, तुकडा आकसत नाही.

यावर उपाय कार्बनचा, साधारण ३ टक्के, फिनॉलिक रेझिनमधून (तापवल्यावर कोळसा मागे ठेवणारी राळ). हा कार्बन थरातला ऑक्सिजन ओढून घेतो. इथे हमखास हिशेब चुकतो: १०० ग्रॅम भुकटीला ३ ग्रॅमच रेझिन टाकलं जातं. अहो, निम्म्याहून जास्त रेझिन धूर होऊन जातं! कोळसा ४५ टक्के उरतो असं धरलं, तर रेझिन ६.७ ग्रॅम लागेल. ते ॲसिटोनमध्ये विरघळवूनच मिसळा. कोरड्या काजळीच्या गुठळ्या राहतात.

६०० अंशांपर्यंत आर्गॉन या निष्क्रिय वायूत, मिनिटाला १ अंशाने चढा. घाई केली की तुकडा फुगतो किंवा त्याचे पापुद्रे सुटतात. पुढे व्हॅक्यूममध्ये १३५०-१४०० अंशांवर थांबा आणि दाब दाखवणाऱ्या गेजवर लक्ष ठेवा. थरातला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन सुटताना दाब चढतो. तो परत खाली बसेपर्यंत पुढे जायचं नाही, घड्याळ काहीही सांगो. त्यानंतर आर्गॉन. स्वस्त पडतो म्हणून नायट्रोजन सोडलात तर बोरॉन नायट्राइड तयार होईल.

पायरोमीटरची (भट्टीच्या उजेडावरून तापमान मोजणारं यंत्र) काच प्रत्येक फेरीनंतर पुसा. तिच्यावर वाफेचा थर बसला की आकडा कमी दिसतो, कंट्रोलर आणखी ताव देतो आणि आतला माल जादा भाजतो.

दळायला स्टीलच्या गोळ्या वापरल्या असतील तर लोखंड भुकटीत उतरलंच समजा. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवा, मग ॲसिड जाईपर्यंत पाण्याने, आणि व्हॅक्यूममध्ये वाळवा.

मे महिन्यात इकडे भट्टी थंड ठेवणारं टाकीतलं पाणीच तापलेलं असतं. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसेल तर ऐन २१०० अंशांवर इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेचा आपोआप चालणारा स्विच, भट्टी बंद पाडतो. फेरी रात्री लावा.

घनता आर्किमिडीज पद्धतीने (हवेत आणि पाण्यात वजन करून) मोजा, पण तुकडा आधी पाण्यात उकळून घ्या. उघड्या छिद्रांत हवा अडकली तर आकडा चुकतो. पूर्ण घनता २.५२, म्हणजे ९५ टक्क्यांना २.३९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर यायला हवी.