दहा लिटर गाळले, तपासले किती?

पाण्यातील रोगजंतू संहत करणाऱ्या, म्हणजे पुष्कळ पाण्यातले जंतू थोड्याशा द्रवात गोळा करणाऱ्या, सुटसुटीत उपकरणांवर प्रकल्प किंवा प्रबंध करण्याचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मेम्ब्रेन फिल्ट्रेशन (बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणे) कसे करतात, ई. कोलाय या जीवाणूच्या वसाहती कशा मोजतात आणि रिअल-टाइम पीसीआरचा (जनुकांच्या प्रती वाढवून जंतू ओळखणाऱ्या चाचणीचा) आलेख कसा वाचतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. पुस्तकात सापडणाऱ्या गोष्टी येथे थोडक्यात येतील. जी एक गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली नाही आणि जिच्यामुळे प्रबंधाचे निष्कर्षाचे प्रकरण ऐन वेळी नव्याने लिहावे लागले, तिच्यावर मात्र मी लांबलचक बोलणार आहे.

संहत करण्याची गरज का पडते, हे आपल्याच मानकात दिसते. आयएस १०५०० या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये, विषाणूंचा निर्देशक म्हणून एमएस-२ हा बॅक्टेरियोफाज (जीवाणूंमध्ये वाढणारा विषाणू) १ लिटरमध्ये नसावा आणि क्रिप्टोस्पोरिडियम व जिआर्डिया हे एकपेशीय परजीवी (प्रोटोझोआ) १० लिटरमध्ये नसावेत. जीव जितका विरळ आणि जितक्या कमी संख्येने आजार घडवणारा, तितके पाणी अधिक तपासावे लागते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियममुळे चार लाखांहून अधिक लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे, आणि ते पाणी क्लोरीन घातलेले नळाचेच पाणी होते. या जीवाचे कोष ४ ते ६ मायक्रॉनचे असतात, म्हणजे ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यावर ते सहज अडकतात. नोरोव्हायरस किंवा हेपटायटिस-ए यांचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर असल्याने ते त्याच पडद्यातून आरपार जातात. त्यामुळे एकच उपकरण सर्व जंतू सारख्याच चांगल्या रीतीने पकडते, असे कोणी सांगितले तर त्याच्याकडे प्रत्येक जीवासाठीचे वेगळे आकडे मागावेत.

मुंबईत उपकरण सुटसुटीत असण्याला आणखी एक अर्थ आहे. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन निघते, परंतु बहुतेक वस्त्यांत ते ठरलेल्या वेळीच येते. मधल्या काळात जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचे पाणी आत शिरण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांचा नमुना आणि अर्ध्या तासाने घेतलेला नमुना हे दोन वेगळे नमुने मानावेत आणि वहीत तसेच नोंदवावेत. दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलो होते. असे चार कॅन बर्फासह सकाळच्या लोकलच्या सामानाच्या डब्यातून एकदा नेल्यावर जागेवरच पाणी गाळून फक्त फिल्टर प्रयोगशाळेत आणण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

उपकरणांच्या प्रकारांत मी फार शिरणार नाही. डायलिसिससाठी बनवलेला पोकळ तंतूंचा अल्ट्राफिल्टर, बॅटरीवर चालणारा पेरिस्टाल्टिक (नळी दाबत पाणी ढकलणारा) पंप आणि नळ्या, एवढ्यावर उभी राहणारी जुळणी नवख्यासाठी सर्वांत उपयोगी आहे असे माझे मत आहे, कारण ती जीवाणू, विषाणू आणि प्रोटोझोआ तिन्ही अडवते आणि बिघडली तर कुठे बिघडली ते डोळ्यांना दिसते. धनभारित फिल्टर विषाणूंसाठी चांगले, पण पाण्याचा पीएच आणि क्षार यांच्या लहरीवर चालणारे. फेसाच्या साहाय्याने पकडलेले जंतू काही मिलिलिटरच्याही आत उतरवणारी तयार यंत्रे वेगवान आहेत. त्यांच्या टिप्स (बदलायच्या गाळण्या) महाग आहेत आणि गढूळ पाण्यात त्या लवकर तुंबतात. २०१७ मध्ये गाजलेली कागदी, दोरीने फिरवायची सेंट्रिफ्यूज ही विलक्षण सुंदर कल्पना आहे, परंतु ती केशनळीतील रक्ताच्या थेंबासाठी आहे. लिटरभर पाण्यासाठी तिचा विचार करू नये. ब्रेंडन मूर यांनी १९४८ मध्ये पॅराटायफॉइडचा उगम शोधण्यासाठी गटारात टांगलेला गॉजचा बोळा आजही वापरला जातो, स्वस्त आहे आणि उत्तम काम करतो; मात्र त्यातून नेमके किती पाणी गेले हे कळत नसल्याने त्याच्यावरून ‘आहे’ असे म्हणता येते, ‘किती’ ते सांगता येत नाही.

‘किती’ हा शब्द आला आहे, तर आता मुख्य गोष्टीकडे येते.

समजा, तुम्ही १० लिटर पाणी अल्ट्राफिल्टरमधून गाळले. उलट दिशेने धुऊन ५०० मिलिलिटर द्रव मिळाला. जंतू खाली बसावेत म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून, थंडीत ठेवून, सेंट्रिफ्यूज करून तो २ मिलिलिटरवर आणला. दहा लिटरचे दोन मिलिलिटर, म्हणजे पाच हजारपट संहती. माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापलेला असतो आणि सादरीकरणाच्या पहिल्या पानावर तुम्हीही तोच टाकता. पुढे न्यूक्लिक आम्ल वेगळे काढण्याच्या किटमध्ये त्या २ मिलिलिटरपैकी फक्त २०० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे दहावा हिस्सा. तुमचे दहा लिटर येथेच एक लिटर झाले. किटमधून १०० मायक्रोलिटर अर्क निघतो आणि पीसीआरच्या एका नळीत त्यातले ५ मायक्रोलिटर जातात, म्हणजे विसावा हिस्सा. एका लिटरचा विसावा हिस्सा म्हणजे ५० मिलिलिटर. दहा लिटर पाणी गाळायला दीड-दोन तास घालवून, पंपाची बॅटरी उतरवून, तुम्ही प्रत्यक्षात पाहिले ते अर्धा पेला पाणी.

अजून थांबू नका. गाळणे, धुणे, अवक्षेपण आणि अर्क काढणे या सर्व पायऱ्यांमधून लक्ष्यजीवाचा ४० टक्के भागच हाती आला असे धरले, तर त्या ५० चे २० मिलिलिटर होतात. मानकातल्या साध्या ई. कोलाय चाचणीत शंभर मिलिलिटर पाणी पडद्यावरून जाते आणि त्यातली प्रत्येक जिवंत पेशी वसाहत होण्याची संधी मिळवते. आपले आधुनिक उपकरण त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी पाहून ‘आढळले नाही’ असे सांगत असते.

आता या ‘आढळले नाही’चा अर्थ आकड्यांत मांडून पाहा. नळीत लक्ष्यजीवाच्या जनुकाची एक जरी प्रत आली तरी ती ओळखली जाते असे उदारपणे मानले, तरी २० मिलिलिटरमध्ये सरासरी एक प्रत यायला लिटरमागे ५० प्रती हव्यात. सरासरी एक असतानाही यदृच्छेमुळे तीनातल्या एखाद्या वेळी नळी रिकामी निघते. ९५ टक्के खात्री हवी असेल तर सरासरी तीन प्रती याव्या लागतात, म्हणजे लिटरमागे १५०. याउलट लिटरमागे एकच प्रत असलेले पाणी तुम्ही शंभरदा याच पद्धतीने तपासले, तर सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा ‘आढळले नाही’ असेच उत्तर येईल. ज्या विरळ जंतूंसाठी एवढा खटाटोप मांडला, त्यांच्याविषयी तुमचा तक्ता काहीच बोलत नाही.

माझ्या तक्त्यात ‘आढळले नाही’च्या ओळी एकाखाली एक नीट लावलेल्या होत्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो पाहिला आणि एवढेच विचारले, “यातलं किती पाणी तू खरंच पाहिलंस?” माझे उत्तर ‘दहा लिटर’ असे होते. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि भागाकार करायला लावला. त्या दिवसापासून कोणत्याही शोधनिबंधात मी सर्वांत आधी पद्धतीच्या प्रकरणातील आकारमाने शोधते. अनेक ठिकाणी ती पूर्ण दिलेलीच नसतात, आणि मला त्याचा अजूनही राग येतो.

घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण हा हिशेब कामाला हात घालण्यापूर्वी पाठकोऱ्या कागदावर होतो आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर काही ना काही सुधारता येते. अर्क १०० ऐवजी ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवला तर पाहिलेले पाणी दुप्पट होते. एकाच अर्काच्या चार नळ्या लावल्या तर ते चौपट होते. शेवटची संहती २ मिलिलिटरऐवजी अर्ध्या मिलिलिटरवर नेता आली, तर आणखी चौपट. जास्त पाणी गाळणे हा उपाय सर्वांना आधी सुचतो आणि बहुधा तोच सर्वांत महाग पडतो. दहाचे वीस लिटर करण्यापेक्षा पीसीआरमध्ये जाणारा हिस्सा वाढवणे बहुतेकदा सोपे असते. क्रिप्टोस्पोरिडियमसाठीच्या प्रचलित पद्धतीत चुंबकीय मण्यांना प्रतिपिंडे लावून कोष वेगळे काढतात आणि स्लाइडवर मोजतात, त्याचे एक कारण हेच आहे की तेथे गाळलेल्या पाण्याचा फार मोठा हिस्सा शेवटपर्यंत डोळ्यांसमोर येतो.

हाच सापळा पावसाळ्यात दुसऱ्या रूपाने येतो. उपकरण जंतूंबरोबर ह्यूमिक आम्ले (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) आणि चिकणमातीही संहत करते, त्यामुळे पीसीआरमधील एन्झाइम अडते आणि नळी रिकामी भासते. यावर प्रयोगशाळेत पटकन मिळणारा सल्ला म्हणजे अर्क दहापट विरल करणे. अडथळा त्याने जातो हे खरे, पण पाहिलेले पाणीही ५० मिलिलिटरवरून ५ वर येते, आणि हे सांगायला कोणी थांबत नाही. विरल करायचेच असेल तर ज्ञात प्रमाणातला अंतर्गत नियंत्रक नळीत घालून अडथळा आहे की नाही ते आधी पाहावे आणि अहवालात नवे आकारमान लिहावे. गाळ आधीच जाड गाळणीवर काढण्याच्या, म्हणजे पूर्वगाळणीच्या, मोहातही पडू नये. विषाणूंचा मोठा वाटा गाळाच्या कणांना चिकटलेला असू शकतो आणि तुम्ही तो पूर्वगाळणीवरच सोडून येता.

पुनर्प्राप्तीचा, म्हणजे मूळ जंतूंपैकी किती टक्के हाती आले याचा, आकडा माहितीपत्रकातून उचलू नये, तो स्वतःच्या पाण्यात काढावा. त्यासाठी एमएस-२ सारखा निरुपद्रवी फाज कच्च्या पाण्यात, गाळण्याच्या आधी मिसळावा लागतो. तो संहत द्रवात मिसळून काढलेली टक्केवारी छान दिसते, परंतु ती फक्त किटची टक्केवारी असते. फिल्टरवर काय हरवले ते तिच्यात येत नाही. टक्केवारी कमी आली म्हणून कोणी नापास होत नाही. ती नोंदवलेली नसेल, तर मात्र परीक्षक प्रश्न विचारतीलच.

काही इशारे स्पष्टच देते. रुग्णालयातून वापरलेला डायलायझर धुऊन आणण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल, कारण नव्याचा खर्च वाचतो. ती अजिबात मान्य करू नका. त्यातून रक्त गेलेले असते, हेपटायटिसचा धोका खरा असतो आणि त्या फिल्टरमधून निघालेल्या कोणत्याही निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पंपाचे सुटे भाग आणि बॅटरी लॅमिंग्टन रोडवर खुशाल शोधा. फिल्टर मात्र नवाच घ्या. नळाचे पाणी गाळताना क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट विसरू नका. पालिकेच्या पाण्यात अवशिष्ट क्लोरीन असते, असायलाच हवे, आणि फिल्टरवर अडकलेल्या जीवाणूंवरून ते तासभर वाहत राहिले तर संवर्धन चाचणीत जे वाढले नाही ते पाण्यात जिवंत होते की नाही, हे कधीच कळणार नाही. निर्जंतुक पाण्याचा कोरा नमुना दर फेरीत त्याच नळ्यांतून गाळा. जीवाणूंचा नमुना थंड ठेवून शक्य तर ६ तासांत, उशिरात उशिरा २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा.

मार्गदर्शक निवडण्याबाबत माझे मत थोडे एकांगी आहे. ज्यांच्या नावावर पुष्कळ शोधनिबंध आहेत त्यांच्यापेक्षा, ज्यांच्या प्रयोगशाळेतील जुन्या वह्या नीट लिहिलेल्या आहेत, त्यांच्याकडे जावे. भेटीला गेल्यावर एखादी वही पाहू देण्याची विनंती करावी. पंप तुंबल्यावर काय करायचे, हे मला आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी शिकवले, आणि नळीतला हवेचा बुडबुडा बोटाने टिचकी मारून काढण्याची त्यांची पद्धत कोणत्याही कार्यप्रणालीत लिहिलेली नाही. मुंबईत या कामाची परंपरा आहे, हेही ध्यानात ठेवावे. सांडपाण्यातून पोलिओ विषाणूचा माग घेण्याचे काम भारतात येथेच २००१ मध्ये सुरू झाले, आणि सांडपाणी संहत करण्याच्या त्या कामाच्या शिस्तीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सांडपाण्यात विषाणू भरपूर असल्याने लहान हिस्सा पाहूनही निभावते; नळाच्या पाण्यात ती चैन नसते. एका कामातून दुसऱ्यात येणारे अनुभवी लोकसुद्धा नेमके येथे फसतात, तेव्हा तुम्ही फसलात तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

नोकरीच्या मुलाखतीत, विशेषतः एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, उपकरणाचे नाव सांगून फारसे काही साधत नाही. त्याऐवजी एक पानाचा तक्ता न्यावा: गाळलेले पाणी, धुतलेला द्रव, अंतिम संहत द्रव, किटमध्ये गेलेला भाग, अर्क, नळीतला भाग, पुनर्प्राप्ती आणि शेवटच्या रकान्यात प्रत्यक्ष पाहिलेले पाणी. अहवालात ‘आढळले नाही’ याच्यापुढे ‘अमुक मिलिलिटरमध्ये’ हे शब्द लिहिण्याची सवय पहिल्याच नमुन्यापासून लावावी, कारण जुन्या वहीतून ते आकडे नंतर शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते.