सेप्सिसच्या उपचाराचा खर्च: ठाण्यातल्या रुग्णालयांचे दर आधीच कसे पडताळावेत

हे काम घरात सगळे ठणठणीत असतानाच करायचं. सेप्सिसमध्ये संसर्गाशी झुंजताना शरीराची प्रतिक्रिया बिघडते आणि अवयव निकामी होऊ लागतात. सेप्टिक शॉक असेल, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायक पातळीला घसरला असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. तापाबरोबर धाप लागली, माणूस बरळू लागला, लघवी कमी झाली तर दर विचारत बसू नका. आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.

म्हणून यादी अंतरापासून सुरू करा. घोडबंदर रोडला राहत असाल तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्येही पोचता येतील अशी दोन-तीन खासगी रुग्णालयं निवडा. जोडीला एक सरकारी किंवा पालिकेचं घ्या, उदाहरणार्थ कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय.

मग प्रत्यक्ष जा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढा. ‘सेप्सिसचं पॅकेज किती?’ या प्रश्नाला मात्र अर्थ नाही. कोणी चार दिवसांत वॉर्डात येतो, कोणी तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहतो. विचारायचं ते आयसीयूच्या एका दिवसाचं: बेड, नर्सिंग, मॉनिटर, ऑक्सिजन, डॉक्टरांची फी आणि दिवसाला किती व्हिजिट धरतात. व्हेंटिलेटर आणि एका वेळच्या डायलिसिसचे दर वेगळे लिहा. ब्लड कल्चर, लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन या तपासण्यांचेही लिहा. बेड स्वस्त दिसतो आणि मॉनिटर, ऑक्सिजन वेगळे लावले जातात, असंही असू शकतं. बेरीज केल्याशिवाय कुठलंच रुग्णालय स्वस्त ठरवू नका. औषधांचंही तेच. मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन बहुधा दर आठ तासांनी द्यावं लागतं आणि ब्रँडनुसार किंमत बरीच बदलते. कुठला ब्रँड वापरतात ते विचारण्यात संकोच नको.

पुढचा थांबा टीपीए डेस्क, म्हणजे रुग्णालयात विम्याचे दावे हाताळणारा काउंटर. त्याच बेडचा रोखीचा दर एक आणि विमा कंपनीशी ठरलेला दर दुसरा असू शकतो. आपल्या कंपनीचं आणि पॉलिसीचं नाव सांगून ‘आमच्या पॉलिसीला कोणता दर लागेल?’ असंच विचारा.

आता पॉलिसी उघडा आणि खोलीभाड्याची मर्यादा शोधा. खिसा खरा इथे कापला जातो. समजा विमा ५ लाखांचा आणि मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,०००ची खोली घेतलीत, तर जादा भाडं तुमचं आणि शिवाय डॉक्टरांची फी वगैरे खर्चालाही ८,०००ला ५,००० याच प्रमाणाचा हिशोब लागू शकतो: ८०,०००पैकी कंपनी ५०,०००च देईल. विमा नियामकाच्या नियमांनुसार आयसीयूचं शुल्क, औषधं आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही. म्हणजे जपायचं आहे ते आयसीयूतून वॉर्डात हलवताना. त्या वेळी मर्यादेतलीच खोली मागा. आयसीयू सोडून दिवसाला ५,०००वरच्या खोलीला ५ टक्के जीएसटीही लागतो.

विमा नसला किंवा अपुरा असला, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. यादीतलं कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते १५५३८८ वर विचारून घ्या.

सगळे आकडे एका कागदावर लिहून पॉलिसी, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रतींसोबत ठेवा आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाका. दर बदलत राहतात, त्यामुळे पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी एक चक्कर पुन्हा मारा.