लॅव्हेंडर कुंडीत लावताय? आधी पावसाळ्याचं बघा

माझं पहिलं लॅव्हेंडर जुलैत गेलं. पानं मलूल दिसली, वाटलं तहानलंय, म्हणून तांब्याभर पाणी घातलं. दोन दिवसांनी आणखी एक तांब्या. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून कुजलेली. मुळं कुजलेलं झाड वरून तहानलेल्यासारखंच दिसतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. तिथले उन्हाळे कोरडे, पाऊस थंडीतला. आपल्याकडे नेमकं उलटं. त्यामुळे त्याला तुळशीसारखं रोज पाणी घालू नका, कोरफडीसारखं वागवा.

रोप कोणतं घ्यावं

नर्सरीत नुसतं ‘लॅव्हेंडर द्या’ म्हणू नका, पान पाहा. पानाच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतील तर ते फ्रेंच लॅव्हेंडर. पुणे-नाशिकच्या हवेत हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. अरुंद, सरळ कडांच्या राखाडी पानांचं ते इंग्लिश लॅव्हेंडर. वास त्याचा जास्त गोड, पण नीट फुलायला त्याला खरी थंडी लागते. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या डोंगरांत, शेतकरी मका सोडून ज्याकडे वळले ते हेच. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, आपल्या गॅलरीत नाही. (सह्याद्रीत पावसाळ्यानंतर निळसर फुलं येणारी घोडेघुई ही लॅव्हेंडरचीच भावकी. ती मात्र रानातच बघावी.)

बियांच्या नादी लागू नका. उगवायला तीन-चार आठवडे घेतात आणि बऱ्याच उगवतच नाहीत.

कुंडी आणि माती

पाऊस सरला की ऑक्टोबरात लावा. दहा-बारा इंचांची मातीची कुंडी घ्या. प्लास्टिकची नको, तिच्यात ओल धरून राहते. मिश्रण असं: दोन भाग बागेतली माती, दोन भाग जाड रेती, एक भाग विटांचे बारीक खडे आणि अर्धा भाग गांडूळखत. रेती बांधकामाची चालते, फक्त चाळून बारीक भुकटी काढून टाका, नाहीतर तीच गाळ होऊन बसते. खताचा हात आखडताच ठेवा. जास्त खत घातलं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. जांभ्याच्या आंबट मातीत चिमूटभर चुना मिसळावा. कुंडीखालची ताटली काढून टाका.

ऊन आणि पाणी

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर मागे फिरा. कोरडं असेल तर तळातून निथळेपर्यंत घाला आणि मग विसरून जा. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरतं. एप्रिल-मे महिन्यांत दोन-तीनदा लागेल, आणि दुपारच्या उन्हापासून थोडा आडोसाही.

जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडी छपराखाली घ्या. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, तेव्हा दक्षिण-पश्चिमेच्या गॅलरीत छप्पर असूनही झड आत येते. कुंडी विटांवर उचलून ठेवा, शेजारच्या झाडांपासून हातभर लांब. वारा खेळला पाहिजे. दाट झालेल्या आतल्या काड्या कापून टाका.

छाटणी, तोडणी, वापर

बहर संपला की झाड एक तृतीयांश छाटा, पण हिरव्या भागातच. खालच्या पानं नसलेल्या लाकडाला कात्री लागली तर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही.

तुऱ्यातली निम्मी फुलं उमलली की सकाळी दव वाळल्यावर तोडा. जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगा. दहा-बारा दिवसांत खडखडीत वाळतात. मग फुलं मलमलच्या पुरचुंडीत भरून साड्यांच्या घड्यांत ठेवा. वास मंदावला की पुरचुंडी हातात चुरगळा, पुन्हा येतो.

चहासाठी फ्रेंच नको, त्याला कापराची झाक असते. इंग्लिश असेल आणि औषध फवारलेलं नसेल तर कपाला अर्धा चमचा वाळकी फुलं पुरे. जास्त घातलीत तर साबण प्यायल्यासारखं वाटेल. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा. पोटात गेलं तर त्यांना बाधतं.

पुढच्या पावसाळ्याची तजवीज

इतकं करूनही एखादं झाड जातंच. म्हणून जानेवारीत फुलं नसलेल्या कोवळ्या फांद्यांचे चार इंची तुकडे घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर रेतीत सावलीत खोचा. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात. त्यातलं एक रोप ज्यांची गॅलरी पूर्वेला आहे अशा शेजाऱ्यांना मे महिन्यातच देऊन टाका.