अलास्काच्या क्रूझला सोलापूरची बॅग: कपडे भरताना या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सोलापुरात पारा ४२ च्या पुढे असतो. अशा वेळी बॅगेत स्वेटर घालायला हात धजत नाही. पंख्याखाली बसून, मानेवरचा घाम पुसत आपण 'तिकडे असून असून किती थंडी असेल?' असा अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, दीर आणि जाऊबाई, व्हँकुव्हरहून अलास्काला जाणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. टूरवाल्यांच्या यादीत 'हलके गरम कपडे' एवढंच लिहिलेलं. सोलापूरकराच्या लेखी हलका गरम कपडा म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला रात्री जाताना अंगात घालतो तो हातविणीचा स्वेटर. तोच भरला. तिसऱ्या दिवशी डेकवर उभी राहिले आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागले.

वाईट जास्त याचं वाटलं, की आमचा घरचा टॉवेलचा कारखाना आहे. तीस वर्षं सुतात काढलेल्या बाईने कपड्यात चूक करावी!

फक्त अंश बघून कपडे भरणं

मोबाईलवर जूनोचं, म्हणजे अलास्काच्या राजधानीचं, हवामान बघितलं तर दिवसा १४-१५, पहाटे ५-६ अंश दिसलं. दिरांचं म्हणणं, "जानेवारीत आपल्याकडेही १२ पर्यंत उतरतं की, त्यात काय!" उतरतं, पण आपली थंडी कोरडी आणि मुकाट असते. सकाळी दहाला ऊन चढलं की ती उठून जाते. समुद्रावर तसं नाही. जहाज वीस नॉट वेगाने चाललं असेल, तर वारा पडलेला असला तरी डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा तोंडावर येतो. हवा १० अंश असेल तर त्या वाऱ्यात अंगाला ती ६ अंशांसारखी लागते. त्यात समोरून खरंच वारा आला, वर पावसाची झिमझिम असली, की मग हिशेब करायचं भान राहत नाही.

उन्हावरही जाऊ नका. तिकडे त्या दिवसांत रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, ऊनही लख्ख पडतं. पण ते बघायचं ऊन, शेकायचं नव्हे. ऊन दिसलं की उकडणार, ही आपली जन्माची समजूत आठवडाभर घरी ठेवून जावी लागते. गॉगल आणि सनस्क्रीन मात्र न्या, पाण्यावरून येणारी तिरीप डोळ्यांना त्रास देते.

म्हणून बॅगेत पहिली वस्तू वारा आणि पाणी दोन्ही अडवणारी हवी: टोपी असलेलं, पुढे चेन असलेलं, पावसाळी जॅकेट. ते एक माप मोठं घ्या, कारण आत दोन-तीन कपडे असणार. दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकर मारायची. पलीकडे हाताला हवा लागली तर ते जॅकेट वाऱ्याचं नाही. माझा हातविणीचा स्वेटर या परीक्षेत चाळणी ठरला असता. लोकर उबदार खरी, पण विणीच्या भोकांतून वारा सरळ आत येतो. वर पावसाळी जॅकेट चढवलं की तोच स्वेटर दुप्पट ऊब देतो.

छत्रीचं नाव काढू नका. डेकवर ती उलटी होते आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते.

अंगाला लागून सुती कपडा घालणं

ही चूक आपल्या गावाची खास, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की सुतीच घालावं, सुती घाम टिपतं. बरोबर आहे, सोलापूरसाठी. आम्ही टॉवेलला फासे का सोडतो? जास्त सूत उघडं पडावं आणि त्याने जास्त पाणी प्यावं म्हणून. आता हेच पाणी पिणारं सूत थंड वाऱ्यात अंगाला चिकटून बसलं तर काय होईल? जिना चढताना, भरभर चालताना पाठीला थोडा घाम येतोच. सुती बनियन तो पिते आणि धरून ठेवते. मग डेकवर वारा लागला की ते पाणी अंगाची ऊब घेऊन उडायला लागतं. म्हणजे तुम्ही ओला टॉवेल गुंडाळून उभे असता.

धंद्यातले आकडे सांगायचे तर साध्या हवेत कापूस वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. लोकर कापसाहून जास्त धरते, १६ टक्क्यांच्या आसपास, तरी ती गार पडत नाही. तिचा धागा कुरळा असतो, ओलसर झाला तरी चपटा होऊन अंगाला चिकटत नाही, मधे हवा धरून ठेवतो. म्हणून सगळ्यात आत पॉलिस्टरचं किंवा बारीक लोकरीचं थर्मल घाला, सुती बनियन नको. थर्मलच्या आतही नको. हे आमच्या ह्यांना तीन वेळा सांगावं लागलं.

जीन्सचंही तेच. जाड दिसते म्हणून गरम वाटते, पण भिजली की दगडासारखी जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. केचिकान हे बंदर तर पावसाचं माहेरघर आहे. आपल्याकडे पाच वर्षांत जेवढा पाऊस पडतो तेवढा तिथे साधारण एका वर्षात पडतो. तिथे आमच्या दिरांची जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली आणि पुढची सगळी सहल ते नाइट पँटवर वावरले. पटकन वाळणारी, पातळ पॉलिस्टरची किंवा नायलॉनची पँट आणि आत थर्मल, एवढ्यावर सगळं भागतं.

आणि हो, चादर. सोलापूरचा माणूस चादर घेतल्याशिवाय घराबाहेर पडला असं होत नाही. ह्यांनी डेकवरच्या खुर्चीत पांघरायला एक नेली होती. केबिनमध्ये ती झकास, एसी किती का गार असेना. पण डेकवर भुरभुर पावसात तिने आपलं सुती इमान दाखवलं आणि पुढे दोन रात्री बाथरूममध्ये लोंबत राहिली.

एकच जाडजूड कोट नेणं

जाऊबाईंनी मनालीच्या सहलीत घेतलेला भला मोठा कोट आणला होता. बॅगेची अर्धी जागा त्यानेच खाल्ली. जहाजाच्या आत २१-२२ अंश असतात, जेवणाच्या हॉलमध्ये गर्दीने आणखी उबदार. कोट घालून बसावं तर घाम, काढावा तर ठेवायचा कुठे? आणि बाहेर गेलं की पुन्हा चढवा. त्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत थर्मल, मधे फ्लीसचं (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) किंवा लोकरीचं काहीतरी, वर पावसाळी जॅकेट. व्हँकुव्हरला मधला थर बॅगेत राहतो, आत आलात की वरचा काढता येतो. पिसं भरलेलं पफी जॅकेट हलकं आणि छान, पण पिसं भिजली की गोळा होऊन निकामी होतात. पावसाळी बंदरांसाठी घेणारच असाल तर कृत्रिम भरणीचं घ्या.

माकडटोपीला हसू नका. ग्लेशियर बेमध्ये जहाज कित्येक तास हिमनदीच्या तोंडाशी रेंगाळतं. बर्फाचे कडे कोसळताना बघायला सगळे कठड्याला चिकटलेले असतात, आणि बर्फावरून खाली उतरणारा वारा थेट कानात शिरतो. आमच्या ह्यांची तपकिरी माकडटोपी बघून आदल्या दिवशी नातीने व्हिडिओ कॉलवर "आजोबा, प्लीज" म्हटलं होतं. त्या दिवशी अख्ख्या डेकवर शेवटपर्यंत टिकलेले मोजके लोक होते, त्यात हे एक.

खरेदी मेपर्यंत लांबवणं

मे महिन्यात नवी पेठेत थर्मल मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काय ओ वहिनी, सगळे कूलर शोधायलेत आणि तुम्ही थर्मल?" सोलापुरात गरम कपडे नोव्हेंबर ते जानेवारीतच मिळतात. सहल उन्हाळ्यात असली तरी खरेदी हिवाळ्यात उरका, नाहीतर पुण्याला चक्कर किंवा ऑनलाइन. ऑनलाइन मागवलं तर माप बदलायला पंधरा दिवस हाताशी ठेवा.

हातापायांना विसरणं

अंगात चार थर आणि पायात जाळीचे स्पोर्ट शूज! जाळीतून वारा आणि पाणी दोन्ही आत येतं. चामड्याचे किंवा वॉटरप्रूफ बूट, आधी महिनाभर वापरून मऊ केलेले, आणि लोकरीचे तीन जोड मोजे. दोन मोजे एकावर एक कोंबू नका. बूट आवळला की पाय जास्तच गार पडतो. हातमोजे असे घ्या की बोट दाखवून मोबाईल चालेल, नाहीतर फोटोसाठी दर मिनिटाला काढावे लागतात. थंडीत मोबाईलची बॅटरीही भराभर उतरते, तो आतल्या खिशात ठेवा.

डिनरसाठी साडी, पण तिच्याखाली काही नाही

सात रात्रींच्या सहलीत बहुतेक जहाजांवर एक-दोन रात्री नटून जेवायला जायच्या असतात. साडी जरूर न्या, सगळं जहाज वळून बघतं. पण एकच न्या, आणि परकराच्या आत थर्मलची पँट घाला. कुणाला दिसत नाही. पूर्ण बाहीचं ब्लाउज शिवून घेतलंत तर उत्तम. फोटोसाठी साडी नेसून उघड्या डेकवर जाऊ नका. जाऊबाई गेल्या, आणि वाऱ्याने पदराचं शीड झालं. इस्त्रीचं आधीच घरी उरका, केबिनमध्ये आगीच्या भीतीने इस्त्री चालत नाही. पुरुषांना एक ब्लेझर पुरे. पोहण्याचा पोशाख मात्र सगळ्यांनी न्या. बाहेर गारठा असताना गरम पाण्याच्या टबात बसून हिमशिखरं बघणं हे सुख वेगळंच.

सगळं एकाच मोठ्या बॅगेत

मोठी बॅग धक्क्यावर द्यावी लागते आणि ती केबिनच्या दाराशी कधीकधी रात्रीपर्यंत येत नाही. तोवर जहाज सुटलेलं असतं, सगळे डेकवर, आणि तुमचं जॅकेट तळघरात. जॅकेट, टोपी, औषधं, पासपोर्ट हातातल्या बॅगेतच हवेत. विमानात बॅग मागे राहिली तर जहाज काही थांबत नाही. म्हणून जोडप्याने दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे कपडे वाटून घालावेत, आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच शहरात पोहोचावं.

तरीही थंडी वाजलीच तर

जहाजावरच्या दुकानात खरेदीची घाई करू नका. बंदरात उतरलं की समोरच भेटवस्तूंच्या दुकानांत साधी फ्लीस जॅकेटं मिळतात, बहुधा स्वस्त. तोवर प्लास्टिकचा पातळ रेनकोट असेल तर तो स्वेटरवर चढवा. वारा अडला की निम्मं काम झालं. हिमनदीच्या दिवशी काही जहाजांवर डेकवर पांघरायला ब्लँकेट देतात, विचारायला लाजू नका.

भिजलेले कपडे केबिनमध्ये सोलापूरसारखे तासाभरात वाळतील ही आशा सोडा. हाताने पिळून, कोरड्या टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्या. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि थर्मल सकाळपर्यंत वाळतं. इथे मात्र सुताचा गुण कामी आला. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, चुंबकाचे चार हुक नेलेत तर जॅकेटं टांगता येतात. भिजलेल्या बुटात जहाजाचे रोजच्या कार्यक्रमाचे कागद बोळे करून भरा आणि दोन-तीन तासांनी बदला.

स्कॅगवे बंदराहून व्हाइट पास या घाटात जाणारी छोटी रेल्वे घेणार असाल तर वरचा थर काढून ठेवू नका. ही नॅरोगेज १८९८ ते १९०० मध्ये बांधली, म्हणजे आपल्या कुर्डुवाडी-बार्शीच्या छोट्या गाडीच्या, बार्शी लाइटच्या, बरोबरीची. बार्शी लाइट १८९७ ला सुरू झाली. दीर कुर्डुवाडीचे, त्यामुळे ते डब्याच्या उघड्या टोकाला उभे राहून लहानपणच्या गाडीच्या आठवणी सांगत बसले. पण ही गाडी समुद्राच्या काठावरून सुमारे ८७० मीटर चढते, आणि दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी गार होते. आठवणी अर्ध्यात सोडून ते आत आले.

शेवटच्या रात्री सगळं भरून टाकणं

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या रात्रीतूनच नेतात. सकाळी घालायचे कपडे, बूट आणि अंतर्वस्त्रं आधी बाजूला काढा आणि मगच चेन लावा. आमच्या दिरांनी फार शिस्तीत सगळं भरलं, बॅगा बाहेर ठेवल्या आणि निवांत झोपले. सकाळी व्हँकुव्हरच्या धक्क्यावर ते नाइट पँट, जहाजाच्या सपाता आणि जाऊबाईंचा मनालीचा कोट अशा थाटात उतरले. तो कोट बॅगेत मावला नव्हता म्हणून बाहेर राहिला होता.